बिनमाशाचा डबा

सोनकांबळे काका मासा कधी झाकून आणत नसत. नांदेडला गोदावरीच्या काठावर भोयांच्या टोपल्या लागत. तिथून ते रविवारी सकाळी चांगला हातभर मरळ घेत, पिशवीतून त्याचं डोकं मुद्दाम बाहेर काढत आणि पिशवी छातीशी धरून, लहान मूल न्यावं तसे भर बाजारातून चालत येत. वाटेत व्यापाऱ्यांची दुकानं होती, सगळी शाकाहारी. दुकानदार नाकाला उपरणं लावत. काका मात्र प्रत्येकापाशी थांबून, "काय शेटजी, बरं हाय ना?" अशी चौकशी करत आणि पिशवीतला मासाही डोळे वटारून शेटजींकडे बघत असे.

एकदा एक जण वैतागून म्हणाला, "सोनकांबळे, निदान वरून एखादं फडकं तरी टाका हो!"

"का म्हनून? चोरीचा न्हाई. नदीतनं उघड्या तोंडानं आलाय, उघड्या तोंडानं जाऊ द्या त्याला."

बहात्तरच्या दुष्काळात नांदेडला दुष्काळी कामांच्या कचेरीत काका आमचे वरिष्ठ कारकून होते आणि मी नुकताच चिकटलेला कनिष्ठ. मी उदगीरकडचा, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातला. आमच्या भागात लिंगायताच्या पोराला मिसरूड फुटायच्या आधी लोक 'अप्पा' म्हणू लागतात. त्यामुळे वयानं वडिलांसारखे असलेले काकाही मला अप्पाच म्हणत.

आज इतक्या वर्षांनी हे लिहायला बसलो, त्याला कारण आहे. आमच्या पेन्शनर मंडळींनी परवा एक स्मरणिका काढली. तीत काकांवर कुणीतरी पानभर लिहिलंय. चांगलं लिहिलंय. पण त्यात एक वाक्य आहे: 'त्या काळातही मन्मथअप्पा सोनकांबळ्यांच्या टेबलाला बसून जेवत.' मन्मथअप्पा म्हणजे मीच. चार जणांनी फोन करून माझं कौतुक केलं. नातीनं ते पान कापून फ्रीजच्या दारावर चिकटवलंय. पाणी प्यायला गेलो की ते वाक्य दिसतं, आणि मी पेला तसाच ठेवून परत येतो. या वाक्यात काय खरं आणि काय खोटं, ते सांगितल्याशिवाय मला मरायचं नाही.

तर काका. मोठ्या लढाईच्या वेळी ते वय वाढवून सांगून फौजेत शिरले, आणि पुढं सरकारी नोकरीत लागताना वय कमी करून सांगितलं. "लढाईनं माझी काही वर्सं खाल्ली, अप्पा. ती म्या परत घेतली. खामखा सोडायची कशाला?" असं ते म्हणत.

आफ्रिकेच्या वाळवंटात लॉरी चालवताना ते पकडले गेले आणि इटलीतल्या कैद्यांच्या छावणीत जाऊन पडले. पुढं इटलीनं हत्यारं खाली ठेवली, पहारेकरी आपापल्या घरी गेले आणि फाटक उघडं बघून काकाही बाहेर पडले. "शाळा सुटल्यावर पोरं निघतात तसा निघालो," ते सांगत. डोंगरातल्या एका शेतकरी म्हातारीनं त्यांना हिवाळाभर गोठ्याच्या माळ्यावर, गवतात लपवून ठेवलं. तिचं नाव असुंता. काका तिला असुंताबाई म्हणत. बोलताना असं वाटायचं की ही बाई कंधार तालुक्यातच कुठंतरी राहते आणि परवाच्या बाजाराला भेटली होती.

कचेरीत हे कुणाला पटत नसे. आमचे गुणवंतराव म्हणून एक सहकारी होते. पाटील घराण्यातले, दणकट, मोठ्या आवाजाचे. ते म्हणत, "सोनकांबळे परभणीच्या पलीकडं गेले असतील, तर मी मिशी काढीन." त्यांनीच काकांना 'इटलीकर' नाव ठेवलं. काकांना राग येत नसे. उलट टेलिफोनवर ते कधीकधी स्वतःच सांगत, "हाव, इटलीकर बोलतोय."

इटलीचे मोजकेच शब्द त्यांच्यापाशी उरले होते, पण ते रोज वापरात असत. 'पियानो, पियानो' म्हणजे हळूहळू. साहेबांनी घाईचं काम आणलं की काका चष्मा पुसत म्हणत, "पियानो, साहेब, पियानो." 'बास्ता' म्हणजे पुरे. हा शब्द ते फायलींना लावत. फाईल बांधून नाडीची गाठ मारली की तिच्यावर थाप मारून म्हणत, "बास्ता!"

आणि इटलीचा खरा पुरावा म्हणजे त्यांचा रस्सा. तो ते महिन्यातून एका रविवारी करत. त्याला ते 'मिनेस्त्रा' म्हणत. भाज्यांचा दाट, पोटभरीचा रस्सा, आणि त्यात मासा. असुंताबाईच्या टेकडीवरून म्हणे समुद्र दिसायचा. तिचा भाऊ खालून कधीमधी मासळी आणून द्यायचा, तेव्हा ती भाज्यांच्या रश्श्यात मासा सोडायची. तो दिवस सणाचा.

काकांचे नियम कडक होते. चवळी आदल्या दिवशी भिजली पाहिजे. कांदा-लसूण करडीच्या तेलात मंद आचेवर पडला पाहिजे, पण लाल होता कामा नये. मग गाजर आणि बटाटा, मग कोबी, दुधी, घेवड्याच्या शेंगा आणि टमाटे. "जे जमिनीच्या पोटात पिकतं ते आधी, अप्पा. जमिनीच्या वर पिकतं ते मग. अन् पान्यातलं सगळ्यात शेवटी. मासा पाहुना हाय. तो शेवटी येतो अन् मानानं बसतो. त्याला हलवायचा न्हाई." माशाचं डोकं वेगळं उकळून, ते पाणी धोतराच्या फडक्यातून गाळून रश्श्यात घालायचं. ताटलीत तळाला शिळी भाकरी कुस्करायची आणि वरून रस्सा ओतायचा. तिकडं शिळा पाव असायचा. "शिळं खायला लाजत न्हाईत ते लोक. तिथंच मला वाटलं, ही आपली मानसं हायत."

हळद नाही, काळा मसाला नाही, तिखटाचा तर पत्ताच नाही. गुणवंतरावांनी एकदा दारात उभ्या उभ्या एक घोट घेतला आणि म्हणाले, "इटलीकर, ह्याच्यात चव न्हाई, झणका न्हाई. नुसता भूगोल हाय."

काकू म्हणजे पार्वतीबाई. त्यांना या प्रकाराची मनापासून चीड होती. त्या वर्षी नांदेडात पाण्याचा टँकर आला की भांड्याला भांडं आपटायचं. नदी डोहाडोहांत तुटून पडली होती. घरोघरी मिलोच्या, म्हणजे सरकारनं वाटलेल्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी. आणि काका पातेलंभर पाणी चुलीवर चढवत.

"लोकाला प्याया पाणी न्हाई," काकू म्हणायच्या, "अन् ह्यांचं जेवणच पाण्याचं! तिकडंच ऱ्हायाचं व्हतं त्या म्हातारीपाशी."

"तिनं ठिवून घेतलं असतं. तुझ्या बापाला शब्द दिला व्हता म्हनून आलो."

"लई उपकार झाले. मासा बघा, मांजर आलंय."

दुष्काळात भाजी मिळत नव्हती. म्हणून काकांनी क्वार्टरमागं कोबी लावला होता, आणि पाणी वाचवायला ते कोबीच्या वाफ्यातच दगड टाकून, लंगोट लावून आंघोळ करत. साबण वर्ज्य. अख्ख्या कॉलनीला माहीत होतं की सकाळी सोनकांबळे कोबीत असतात. कुणी कामासाठी आलं तर काकू सांगत, "बसा. न्हाऊन ऱ्हायलेत. कोबीचं झालं की येतील."

पण या सगळ्यात काकांना महत्त्वाचं होतं ते टेबल. त्यांनी चिंचेच्या जाड फळ्यांचं एक लांबलचक टेबल करून घेतलं होतं आणि दोन्ही बाजूंना बाकं. आठ माणसं ऐसपैस बसतील असं. त्या टेबलानं पुढची खोली खाऊन टाकली होती. दारातून आत आलेला माणूस आडवा होऊनच पुढं सरके. मी एकदा चहाच्या टपरीवर विचारलं, "काका, एवढं मोठं टेबल कशाला?"

त्यांनी बशीतला चहा संपवला, मग सांगितलं.

"माळ्यावरनं पहिल्यांदा खाली बोलावलं तिनं मला. जेवाया. घरातली सारी टेबलाला बसल्याली. एक खुर्ची रिकामी व्हती, तिच्या पोराची. तो लढाईवर गेला अन् गेलाच. मी आपला दारापाशी भुईवर बसलो. सवय. आपली जागा आपल्याला ठावं असती. ती म्हनली, वर बस. म्या हातानं खुना केल्या, न्हाई बाई, तिथं बसता येत न्हाई. ती लई विचारात पडली. आत गेली, एक मऊ कापडाची घडी आनली अन् खुर्चीवर घातली. तिला वाटलं, माझ्या बुडाला गळू झालंय!"

काका खूप हसले. मीही हसलो. मग त्यांनी बशी बाजूला सारली.

"तरी मी उठंना. तवा तिनं माझा कान धरला अन् वर बसविलं. कान धरून भाईर काढनारे म्या लई पाहिलेत, अप्पा. कान धरून वर बसविनारी ती एकच. एकाच भांड्यातनं सगळ्यांना वाढलं. आधी मला."

छप्पन साली काकांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून ते कुणापुढं वाकत नसत. सकाळी कचेरीत शिरताना ठणठणीत आवाजात 'जय भीम' म्हणत. पण त्यांना एक गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. कचेरीतल्या माणसांनी एका रविवारी येऊन ते टेबल भरावं, एवढीच.

ते कधी भरलं नाही. आमचा जीपचा ड्रायव्हर करीमभाई नेमानं यायचा आणि तीन वेळा वाढून घ्यायचा. कॉलनीतली एकदोन माणसं यायची. कचेरीतून मात्र दर वेळी निरोप जायचे. कुणाची चतुर्थी, कुणाचा शनिवार रविवारपर्यंत लांबलेला, कुणाला मूळव्याध. माझं कारण सगळ्यांत भक्कम. ते माझ्या गळ्यातच होतं.

"काका, आम्ही लिंगायत. आमच्यात मासा चालत नाही."

"बरोबर हाय," काका गंभीरपणे म्हणाले. "ज्याचा त्याचा धरम."

पुढच्या महिन्यात, रश्श्याच्या दुसऱ्या दिवशी, ते कचेरीत माझ्या टेबलाशी आले. हातात कोरा करकरीत स्टीलचा डबा.

"मासा टाकायच्या आधी काढून ठिवलंय. माशाच्या डोक्याचं पानी बी न्हाई ह्याच्यात, बिलकुल न्हाई. पळी येगळी. डबा नवा हाय, फकस्त तुमच्यापुरता. घरी दुसऱ्या कुनाचा हात लागत न्हाई त्याला. अन् हे डब्याचं झालं आजच्यापुरतं. पुढच्या बारीला तुमचं पातेलंच येगळं करतो. मग यायाला काय हरकत न्हाई ना?"

म्हणजे मासा गेला. आता माझ्यात आणि त्या टेबलात काही उरायला नको होतं. तरीही काहीतरी उरलं होतं, आणि ते काय हे मला नीट माहीत होतं. मी म्हणालो, "येईन की काका. पण रविवारी गावाकडं जावं लागतं. तुम्ही आपला डबाच देत चला."

त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून डबा सुरू झाला.

आता त्या डब्याचं मी काय केलं ते सांगतो. मी ज्या घरात भाड्यानं राहत होतो ते लिंगायताचंच घर. बाहेरचं शिजलेलं आत आणलं तर घरमालक काय म्हणेल, बायको काय म्हणेल, असं मी स्वतःला सांगत असे. खरं तर बायकोला मी कधी विचारलंच नाही. दारात एक लिंबाचं झाड होतं. मी डबा त्याच्या बुंध्याशी ओतून देई, माती सारून ठेवी, डबा राखेनं लख्ख घासे आणि दुसऱ्या दिवशी काकांना परत करी.

"कसं झालतं?"

"फार छान."

"काय आवडलं, अप्पा?"

मी सुचेल ते म्हणे. "बटाटा."

काका खूश होत. पुढच्या खेपेला डबा जड लागे. त्यात बटाटे जास्त असत.

लोक मिलो खाऊन दिवस काढत होते, खडी फोडणाऱ्या बायका सरकारनं वाटलेल्या सुकडीच्या घासासाठी लांबच लांब रांगेत बसत होत्या, त्या काळात मी चांगलं अन्न झाडाला घातलं. त्या उन्हाळ्यात गावातली झाडं वाळून काटक्या झाली. आमच्या दारचा लिंब मात्र हिरवागार होता. येणारेजाणारे त्याच्या सावलीला थांबत आणि घरमालकाच्या पुण्याईचं कौतुक करत.

अजून एक सांगायचं राहिलंय. मी मासा खात होतो.

कामाच्या तपासणीला मुदखेडला जावं लागे. तिथं स्टेशनाशेजारी एक खानावळ होती. आतल्या खोलीत, पडद्यामागं, मरळाचा तळलेला तुकडा मिळे. तो मला कुणी पहिल्यांदा खाऊ घातला हे सांगण्यात अर्थ नाही. नंतर कुणी आग्रह करायची गरज उरली नव्हती. गळ्यातलं लिंग मी सदऱ्याच्या आत, पाठीकडं सरकवून बसत असे. देवाला पाठ दाखवायच्या ऐवजी देवालाच पाठीशी घातला, असा तो प्रकार.

एका दुपारी मी असाच बसलो होतो. पंख्याच्या वाऱ्यानं पडदा उडाला आणि समोर दारात काका उभे. मागं करीमभाई. माझ्या बोटांत माशाचा काटा होता. काकांची नजर माझ्यावरून ताटाकडं आली का, ते मला कळलं नाही. ते लगेच वळले आणि करीमभाईला म्हणाले, "चल, हितं जागा न्हाई."

"अरे काका, पूरा हॉटेल खाली पडा है," करीमभाईचा आवाज आला.

"न्हाई म्हनलं ना. फुडं चल."

खानावळ खरोखरच रिकामी होती. मी परतीच्या गाडीत स्वतःला समजावलं, पडद्यामागं अंधार असतो, म्हाताऱ्याचा चष्मा जुना आहे. पुढच्या रविवारनंतर डबा येतो का, याची मी वाट बघत होतो. डबा आला.

"बिनमाशाचं हाय," काका म्हणाले. "येगळ्या पळीनं काढलंय. निवांत खावा."

त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. म्हणजे त्यांनी पाहिलं नाही, असं मी ठरवून टाकलं.

पुढं वर्षं गेली. पाऊस परत आला, दुष्काळी कामं संपली, आम्ही इकडून तिकडं बदलून गेलो. मग लातूर जिल्हा झाला आणि नव्या कचेरीत मी आणि काका पुन्हा एकत्र आलो. नवा जिल्हा म्हणजे नव्या लग्नासारखा असतो. उत्साह घरचा, भांडी उसनी. खुर्च्या पुरत नसत. साहेब जागचे उठले की कुणीतरी त्यांची खुर्ची ओढून नेई. काका म्हणत, "पियानो, पियानो. जिल्हा झालाय, खुर्च्या बी होतील."

पण ते थकले होते. काकू दोन पावसाळ्यांपूर्वी गेल्या होत्या. एकुलती लेक, सुजाता, किनवटला आश्रमशाळेत शिक्षिका होती. काका करीमभाईच्या मेहुण्याच्या घरात, रस्त्यावरच्या एका खोलीत राहत. खोली एवढी लहान की टेबल मावेना. त्यांनी सुतार बोलावून ते मधोमध कापलं. अर्धं आपल्यापाशी ठेवलं आणि अर्धं शाळेतल्या पोरींना अभ्यासाला म्हणून किनवटला पाठवलं.

मी लातुरात सासुरवाडीच्या आधारानं राहत होतो. सासऱ्यांचं भुसाराचं मोठं दुकान होतं, आणि योगायोग असा की ते काकांच्या खोलीच्या अगदी समोर होतं. गादीवर बसलं की काकांच्या खोलीत थेट नजर जाई. म्हणून मी त्या बाजूला फारसा जात नसे. डबा मात्र अधूनमधून कचेरीत येई. लातुरात मी तो कचेरीच्या शिपायाला देऊन टाकत असे आणि सांगत असे, फार छान झालं होतं.

काका सेवानिवृत्त झाले. कचेरीत पेढे झाले, शाल झाली, गुणवंतरावांनी भाषण केलं आणि इटली पुन्हा एकदा परभणीच्या अलीकडं आणून सोडली. काका सामान बांधून लेकीकडं किनवटला जाणार होते. त्यांच्या जाण्याच्या आदल्या रविवारी मी निरोप घ्यायला गेलो. जाणं भागच होतं.

दार सताड उघडं. आत वळकटी बांधलेली, ट्रंक तयार, आणि स्टोव्हवर पातेलं. धनेगावच्या धरणातला मासा सायकलवर विकायला येई, तो त्यांनी घेतला होता. अर्ध्या टेबलावर एकच ताटली होती. तिच्याशेजारी माझा डबा, झाकण लावून तयार. जुना झाला होता, एका बाजूला पोचा आला होता.

"या अप्पा. तुमचं बिनमाशाचं काढून ठिवलंय."

"कशाला त्रास घेतलात काका? बरं, नेतो. घरी खातो."

त्यांनी डबा उचलला, माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. दोघांचेही हात डब्यावर. अगदी सहज, उद्याच्या गाडीची वेळ विचारावी तसं त्यांनी विचारलं.

"हितं लातुरात तुमच्या दारात झाड न्हाई ना, अप्पा. कुठं वतता?"

मी डब्याच्या पोच्याकडं बघू लागलो.

"तसं न्हाई," काका घाईघाईनं म्हणाले. मला धक्का बसला म्हणून तेच ओशाळल्यासारखे झाले. "रागानं न्हाई बोललो. लिंब लई झ्याक आला व्हता तुमचा. म्या करीमला दाखवाया नेलं व्हतं एकदा. म्हनलं बघ, आपल्या कोबीची ताकद."

"काका, तुम्हाला... कधीपासून?"

"पैल्या डब्यापासनं. तुमच्या दारावरनं गेलो तवा बुडाशी मातीत चवळीचे दाने दिसले की."

"मग देत का राहिलात?"

त्यांनी डबा सोडला आणि स्टोव्हची वात बारीक केली.

"घरात काय सांगावं? पार्वती इचारायची, अप्पा खातेत का? म्या सांगायचो, आवडीनं खातेत. सुजाताला बी तेच सांगितलं. कचेरीतल्यांना बी सांगितलं, अप्पा आपल्या टेबलाला बसतेत. चार मानसात एक तरी बसतो म्हनलं की बरं वाटतंय. डबा बंद केला असता तर ते खोटं पडलं असतं."

स्मरणिकेतलं वाक्य कुठून आलं, ते आता वाचणाऱ्याला कळलं असेल.

"अन् मुदखेडला?" मी विचारलं. आता विचारायचं काही बाकी ठेवायचं नव्हतं.

"मुदखेडला हाटेलात जागा नव्हती," काका म्हणाले. तेवढंच.

मी डबा खाली ठेवला, बाक ओढलं आणि टेबलाला बसलो. म्हणालो, "काका, वाढा. माशासकट."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग धांदल उडाली त्यांची. दुसरी ताटली सापडेना. ट्रंक उघडली, धोतरं उपसली, तळातून ताटली काढली, ती पुसली, पुन्हा पुसली. भाकरी कुस्करली. पळीनं आधी गाजर, बटाटा, चवळी असं सगळं घातलं आणि मग माशाचा मधला तुकडा, न मोडता, अलगद माझ्या ताटलीत ठेवला. आधी मला वाढलं. स्वतःला घ्यायचं विसरून ते समोर उभे राहिले.

मी चमचा उचलला. पहिला घास तोंडात घातला. तेवढ्यात काकांची नजर माझ्या डोक्यावरून रस्त्याकडं गेली. मीही वळून पाहिलं, समोर दुकानात माझे सासरे गादीवर बसले होते. तराजूला माल लागला होता, गिऱ्हाईक होतं, अजून त्यांनी इकडं पाहिलं नव्हतं.

काका पुढं झाले, टेबलाला वळसा घालून माझ्या मागं गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. कडी घातली. खोलीत अंधार झाला. स्टोव्हचा निळा जाळ तेवढा दिसत होता.

"पोरी मोठ्या होऊन ऱ्हायल्यात तुमच्या," ते हलक्या आवाजात म्हणाले. "समोर तुमचे सोयरे. उगं बोभाटा नको. खावा तुम्ही निवांत."

मग ते माझ्या समोर येऊन बसले आणि त्यांनी आपल्या ताटलीत वाढून घेतलं. आम्ही जेवलो. रस्सा चांगला होता. बटाटा खरोखरच चांगला होता.

तेव्हा स्मरणिकेतल्या वाक्यापुढं एवढं लिहून घ्यावं. मन्मथअप्पा सोनकांबळ्यांच्या टेबलाला एकदाच जेवले, आणि तेही कडी लावून. ती कडी ज्यानं घातली, त्यानं आयुष्यभर आपलं दार उघडं ठेवून माणसांची वाट पाहिली होती. 'काका, दार उघडं राहू द्या,' एवढंच मला म्हणायचं होतं. मी ऐकलं की कडी सरकली. मान वळवून पाहिलंसुद्धा. पण माझ्या तोंडात घास होता, आणि तो गिळून होईपर्यंत मी काही बोललो नाही. गिळून झाल्यावरही नाही.